तडकलेली समोरची काच: शोरूमचं वर्कशॉप की काचवाला?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवणाऱ्याला समोरच्या काचेला तडा कसा जातो हे वेगळं सांगायला नको. पुढे खडीचा डंपर, त्यावर ताडपत्री नावापुरती. ‘टक्’ असा आवाज येतो, काचेवर मोहरीएवढा ठिपका दिसतो, आणि एखाद्या दुपारी एसी जोरात लावला की त्या ठिपक्यातून रेघ निघते ती थेट कडेपर्यंत. ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा असेपर्यंत आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर रेझिन भरून भागतं. रेघ कडेला टेकली की काच बदलायचीच.

साध्या हॅचबॅकला हा एका दुपारचा विषय आहे. स्पोर्ट्स कारची काच लांबलचक, जवळजवळ आडवी झोपलेली, बहुतेकदा परदेशातून येणारी, आणि तिच्यात रेन सेन्सर, कॅमेरा, हेडअप डिस्प्ले (एचयूडी, म्हणजे वेगाचे आकडे काचेवरच दाखवणारी सोय) असा सगळा संसार मांडलेला. म्हणून प्रश्न पडतो की विम्यातून बदलायची तर शोरूमच्या वर्कशॉपला द्यावी, की फक्त काचेचंच काम करणाऱ्या दुकानात जावं? माझ्या जर्मन टू-सीटरसाठी मी या दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, म्हणून हे लिहितोय.

त्याआधी एक हिशेब मात्र करा, कारण तो बरेच जण करत नाहीत. क्लेम घ्यावा का? एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत) ५० टक्क्यांवर असेल आणि ती टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट कव्हर नसेल, तर एका क्लेमने तो शून्यावर येतो आणि पुढे दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५०ला पोचतो. म्हणजे क्लेम घेतला नसता तर मिळाली असती त्यापेक्षा सवलत पहिल्या वर्षी ५० टक्के कमी, मग ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५. प्रीमियम साधारण तेवढाच राहिला असं धरलं, तर एका क्लेमची किंमत वर्षाच्या ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या सव्वापट पडते. ओन डॅमेज ४० हजार असेल तर ५० हजार. (थर्ड पार्टीच्या भागाला एनसीबी लागत नाही, तो यात धरू नका.) काचेचं एस्टिमेट याच्या खाली असेल तर मुकाट्याने खिशातून द्यावेत. आमच्यासारख्या गाड्यांचं एस्टिमेट सहसा याच्या वर जातं, त्यामुळे पुढे क्लेम घ्यायचाच असं धरून चालतो. काही पॉलिसींत नुसत्या काचेच्या क्लेमने एनसीबी जात नाही. आपल्या पॉलिसीत काय आहे ते एजंटला विचारण्यापेक्षा स्वतः वाचलेलं बरं.

पैशाच्या बाबतीत दोन्ही वाटा जवळपास सारख्याच आहेत. काचेला घसारा (जुनेपणाची कपात) शून्य, मग गाडी कितीही जुनी असो. कडेचं रबर-प्लास्टिकचं मोल्डिंग मात्र झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर निम्म्यावर येतं. चिकटवायचं पॉलियुरेथेन (म्हणजे गोंद), प्रायमर हे कन्झ्युमेबल्समध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत जातं. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २००० रुपये सक्तीने आपल्या खिशातले. कॅशलेस (विमा कंपनी थेट गॅरेजला पैसे देते ते) दोन्हीकडे होतं, फक्त ते गॅरेज आपल्या विमा कंपनीच्या यादीत हवं. आणि विमा कंपनीची पाहणी, म्हणजे सर्व्हे, होईपर्यंत तडकलेली काच काढायची नाही, हे दोन्हीकडे तेवढंच खरं.

आता काचवाला. माझ्या अनुभवात इथली माणसं कामाला उजवी आहेत. दिवसभर दुसरं काही करतच नाहीत, त्यामुळे हात बसलेला असतो. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला मी काम करून घेतलं तेव्हा जो कारागीर होता त्याने जुनी काच तारेने कापताना ए-पिलरला (काचेच्या बाजूच्या खांबाला) टेप लावला, डॅशबोर्डवर जाड चादर अंथरली, चौकटीवरचा जुना गोंद पूर्ण खरवडून न काढता पातळ थर ठेवला (नवा गोंद त्यावरच नीट धरतो) आणि जिथे रंगाला ओरखडा गेला होता तिथे आधी प्रायमर मारून वाळू दिला. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. आपल्या हवेत तिथे गंज धरायला एक पावसाळा पुरतो. मोबाइलवरून फोटो-व्हिडिओ सर्व्हे झाला, मंजुरी लवकर आली, काच मुंबईतल्या गोदामातून आली, गाडी त्याच संध्याकाळी घरी. सोसायटीत येऊन बसवून देतो असंही म्हणत होते. ते मी टाळलं. पोडियम पार्किंगची धूळ आणि गोंद यांचं जमत नाही, आणि पावसाच्या दिवसांत तर नकोच. हा गोंद हवेतल्या दमटपणानेच पक्का होतो हे खरं, पण लावताना पृष्ठभाग कोरडा ठणठणीत लागतो.

शोरूमच्या वर्कशॉपचं गणित वेगळं. ते नवी मुंबईत, तुर्भ्याच्या बाजूला. ठाण्याहून जायचं म्हणजे विटाव्याच्या सबवेतून, आणि जुलैत तिथलं पाणी बघून जमिनीलगत बसणारी ही गाडी घेऊन परत फिरावं लागतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तिथे आधी एस्टिमेट, मग सर्व्हेयर प्रत्यक्ष येणार, मग मंजुरी, आणि मंजुरीनंतरच काचेची ऑर्डर. काच जर्मनीहून. तळोज्याला एमआयडीसीत फ्लोट काचेचा (सपाट काचेच्या तावांचा) कारखाना आहे आणि आपण त्याच्या उशाशी बसून परदेशातल्या काचेची वाट बघतोय, याची गंमत वाटायला वेळ भरपूर मिळतो. तोवर गाडी तडकलेली चालवायची किंवा उभी करून ठेवायची. ‘पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे सर’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की सर्व्हिस ॲडव्हायझर फोन उचलायच्या आधीच मला पाठ असायचं.

इथवर वाचून काचवाल्याचं पारडं जड वाटेल, आणि बहुतेक गाड्यांसाठी ते जडच आहे. माझ्यासाठी ते फिरलं ते एका छोट्याशा गोष्टीने, जी दिवसा दिसतसुद्धा नाही.

काचवाल्याने बसवलेली काच ‘कंपनीसारखीच’ होती. नावाजलेल्या कारखान्याची, लॅमिनेटेड, कोपऱ्यातला शिक्का व्यवस्थित, फक्त त्यात गाडीच्या कंपनीचा लोगो नाही. सेन्सरची जागा बरोबर, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट बरोबर. ‘एचयूडीला चालते’ असंही सांगितलं होतं. दिवसभर काही जाणवलं नाही. रात्री नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला लागलो आणि काचेवर वेगाचा ६० दिसला, त्याच्या डोक्यावर किंचित सरकून दुसरा, फिकट ६०. सावलीसारखा. सीट वर केली, खाली केली, डिस्प्लेची उंची बदलली, उजेड कमी केला. दोन आकडे जवळ आले, लांब गेले, एक काही झाले नाहीत. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनाही लहानशी शेपटी फुटायची, पण ती कदाचित मी शोधत होतो म्हणून दिसत असेल. आकड्याचं मात्र तसं नव्हतं.

कारण साधं आहे. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. डिस्प्लेचा प्रकाश आतल्या पृष्ठभागावरून परततो तसा थोडासा बाहेरच्या पृष्ठभागावरूनही परततो, म्हणून प्रतिमा दोन. हेडअप डिस्प्लेच्या काचेत मधला पडदा वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ असा किंचित पाचरीसारखा असतो, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात. साध्या काचेत ही पाचर नसते, आणि नुसत्या डोळ्यांनी काच बघून ती आहे की नाही हे कळत नाही. शिक्क्यावरूनही आपल्याला कळेल असं नाही. एकाच मॉडेलला सेन्सरवाली, बिनसेन्सरची, आवाज अडवणारी, डिस्प्लेवाली अशा कितीतरी काचा असतात.

दुकानातला मुलगा सभ्य होता. त्याने गाडीत बसून बघितलं आणि म्हणाला, ‘सर, सवय होईल.’ मला झाली नाही. रात्री गाडी चालवताना नजर रस्त्यावर ठेवता यावी म्हणूनच तर तो डिस्प्ले असतो, आणि माझी नजर रस्ता सोडून त्या दुसऱ्या आकड्यावरच जायची. शेवटी मी तो बंद करून टाकला. दुकानाची वॉरंटी गळतीवर आणि फिटिंगवर होती; पाणी कुठे येत नव्हतं, वारा कुठे शिट्टी वाजवत नव्हता. क्लेम तोवर मिटलेला. विम्याच्या लेखी काच बदलून झाली होती, आणि आकडे दोन दिसतात म्हणून दुसरी काच मागायला कागदावर जागाच नव्हती.

पुढे घोडबंदरने पुन्हा हिसका दाखवला तेव्हा मी तुर्भ्याची वाट धरली. तिथे ऑर्डर गाडीच्या चेसिस नंबरवरून (प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून) निघते, त्यामुळे कारखान्यातून गाडी ज्या काचेसकट निघाली तीच काच येते. रात्री पाम बीचवर जाऊन बघितलं, आकडा एक. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही (नव्या काचेमागे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं) तिथल्या तिथे झालं, एस्टिमेटमध्येच धरलेलं होतं. काचवाल्याकडे जाणार असाल तर हे आधी विचारून घ्या, नाहीतर मंजुरीनंतर वाढलेल्या आकड्यावरून वाद होतो. हातकाम मात्र काचवाल्याचंच सरस होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगेन. वर्कशॉपने काच नीट बसवली, पण ए-पिलरचं ट्रिम असं दाबून लावलं की एक क्लिप मोडली आणि खड्ड्यात कुरकुर सुरू झाली. परत नेऊन बदलून घ्यावी लागली.

किरकोळ कटकटी दोन्हीकडे सारख्याच. फास्टॅग काढला की फाटतो, बँकेकडून नवा घ्यावा लागतो, शिल्लक तशीच राहते. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली आणि वाशी नाक्यावर गाड्यांना टोल नाही, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत फिरताना अडत नाही, पण अटल सेतू किंवा एक्सप्रेसवेला जाण्याआधी तो हातात हवा. काचेच्या आतून लावलेला एचएसआरपीचा (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा) रंगीत स्टिकरही जुन्या काचेबरोबर जातो, तोही नव्याने मागवायचा. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दार आपटू नका, बंद गाडीत हवेचा दाब ओल्या गोंदावर येतो.

तुमच्या गाडीत हेडअप डिस्प्ले नसेल आणि गाडी रोज लागत असेल, तर मी काचवाल्याकडे जा म्हणेन, फारसा विचार न करता. डिस्प्ले असेल तर काचवाल्याला एकच अट घाला: चेसिस नंबरवरून मागवलेली, लोगोवाली काच, आणि तसं एस्टिमेटमध्ये लिहून. काही जण आणून देतात, पण मग वाट बघणं तिथेही तेवढंच होतं आणि विमा कंपनी फरकाचे पैसे मान्य करेल की नाही ते सर्व्हेयरवर राहतं. घोडबंदरची चाललेली कामं बघता माझ्या काचेवर पुन्हा ती वेळ येणार आहे, आणि तेव्हा गाडी बहुधा तुर्भ्यालाच जाईल. फक्त पिलरचं ट्रिम लावताना मी शेजारी उभा असेन.