गार्डियन ८० ला नेला, आता गियर कुठलं? गिल्ड वॉर्स २ मधली बर्सरकर, क्विकनेस आणि सेलेस्टियल बिल्ड शेजारीशेजारी ठेवून

गिल्ड वॉर्स २ या ऑनलाईन गेममध्ये गार्डियन (चिलखती लढवय्याचा क्लास) ८० या शेवटच्या लेव्हलला पोचला की पहिला प्रश्न हाच येतो, नुसत्या डॅमेजचं बर्सरकर गियर (शस्त्रं-चिलखतं) बनवू, का ग्रुपला क्विकनेस म्हणजे वेग देणारं डिव्हायनर, का सगळंच थोडंथोडं देणारं सेलेस्टियल. गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने हेच विचारलं, फोनवर सांगता सांगता तास गेला आणि शेवटी त्याचा गोंधळ वाढलाच, म्हणून आता नीट लिहून काढतोय. तिन्ही सेट मी वापरलेत, रेडमध्ये (दहा जणांच्या मोठ्या लढाया), फ्रॅक्टलमध्ये (पाच जणांच्या छोट्या) आणि नुसतं मॅपवर भटकताना पण. कुठली बिल्ड (गियर आणि स्किलची जुळणी) किती डीपीएस (दर सेकंदाचा डॅमेज) मारते हे आकडे दर बॅलन्स पॅचला हलतात म्हणून ते देत नाही, पण खालचं गणित वर्षानुवर्षं जवळपास तेच आहे आणि निर्णय त्याच्यावरच घ्यायचाय.

आधी एक आकडा लक्षात ठेवा, ११,६४५. व्हायटॅलिटी (हेल्थ ठरवणारा स्टॅट) अजिबात न वाढवता ८० लेव्हलच्या गार्डियनला एवढीच हेल्थ मिळते. वॉरियर आणि नेक्रोमान्सरला त्याच लेव्हलला १९,२१२. अंगावर जाड चिलखत दिसतं म्हणून नवीन माणूस समजतो की हा दणकट आहे, आणि पहिल्याच मोठ्या फटक्याला आडवा होतो. गार्डियन टिकतो तो ब्लॉकवर, डॉजवर आणि एजिसवर (बून म्हणजे थोडा वेळ टिकणारा फायद्याचा परिणाम, आणि एजिस म्हणजे येणारा एक फटका पूर्ण अडवणारा बून). वेळ साधली तर १२ हजार हेल्थमध्ये आरामात निभतं, नाही साधली तर २० हजार असले तरी थोडाच वेळ जास्त उभे राहाल.

आता बर्सरकर. यात पॉवर मुख्य, आणि प्रिसिजन, फेरोसिटी जोडीला. २१ प्रिसिजनला १ टक्का क्रिटिकल चान्स, १५ फेरोसिटीला १ टक्का क्रिटिकल डॅमेज, आणि क्रिटिकलचा फटका मुळातच दीडपट असतो. यातली गोम अशी की हे तिन्ही एकमेकांत गुणले जातात, बेरीज होत नाही. उदाहरणापुरते सोपे आकडे घेतो. एकाकडे पॉवर २४००, क्रिट चान्स ८० टक्के आणि क्रिटला २.२ पट फटका, तर त्याचं सरासरी वजन पडतं २४०० गुणिले १.९६ म्हणजे ४७०४. दुसऱ्याने "थोडी सेफ्टी हवी" म्हणून अर्धं गियर टफनेस-व्हायटॅलिटीचं घातलं आणि तो २००० पॉवर, ५५ टक्के चान्स, १.८५ पट असा झाला, तर त्याचं येतं साधारण २९३५. पॉवर कमी झाली १७ टक्के आणि डॅमेज कमी झाला जवळपास ३८ टक्के! म्हणून अर्धं इकडचं अर्धं तिकडचं गियर हा सगळ्यात महाग सौदा आहे, आणि नवीन लोक नेमके तिथेच जातात कारण दिसायला तो समजूतदार वाटतो. मी पण पहिले चार महिने तसाच फिरलो, फाईट लांबायची आणि लांबली म्हणून जास्त फटके खाऊन मरायचो.

मग बर्सरकर घातलं म्हणजे युटिलिटी (डॅमेजशिवायचा उपयोग) सोडून द्यायची का? अजिबात नाही, आणि हाच मुद्दा मला पोटतिडकीने सांगायचाय. युटिलिटीची किंमत तीन जागी मोजली जाते, स्किल स्लॉटमध्ये, ट्रेटमध्ये (निवडून घ्यायचे कायमचे गुण) आणि गियरमध्ये. स्लॉट सगळ्यात स्वस्त. एक हील, तीन युटिलिटी, एक एलिट असे पाच स्लॉट आणि लढाईबाहेर कधीही फुकटात बदलता येतात. ड्रॅगनहंटर (गार्डियनचा एक उपप्रकार) खेळताय आणि पुढचा बॉस लोकांना ढकलतो, तर एक ट्रॅप काढून "स्टँड युअर ग्राउंड" घाला, आजूबाजूच्यांना स्टॅबिलिटी मिळते, म्हणजे ते ढकलले जात नाहीत. बॉसला निळा डिफायन्स बार (फोडला की बॉस थोडा वेळ सुन्न होतो ती पट्टी) आहे आणि तो फुटतच नाहीये, तर शत्रूला पाडणारं बेन सिग्नेट घाला. तुमचा डॅमेज थोडासा उतरेल, पण पाच जणं जमिनीवर लोळणार होती ती उभी राहून मारत राहतील. शिवाय ड्रॅगनहंटरकडे शील्ड ऑफ करेज आहेच, समोरून येणारं अडवणारं, त्यासाठी तर स्लॉटसुद्धा लागत नाही. पण लोक गोलेमवरची (सरावाच्या पुतळ्यावरची) रोटेशन, म्हणजे स्किल दाबायचा क्रम, पाठ करतात आणि त्याच पाच स्किलनी प्रत्येक बॉसला जातात.

स्लॉटमधली युटिलिटी किती मोठी असू शकते याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे पहिल्या रेडचा पहिला बॉस, व्हेल गार्डियन. ६६ आणि ३३ टक्क्यांना तो लाल, हिरवा, निळा अशा तिघांत फुटतो. निळ्यावर एक बून असतो आणि तो कुणी काढला नाही तर तुमचा डॅमेज त्याला लागतच नाही. लालला पॉवरचे फटके लागत नाहीत, फक्त कंडिशन डॅमेज (जळणं, विष असा हळूहळू लागणारा) चालतो. म्हणजे दहाच्या दहा लोक भारी बर्सरकर घेऊन आले तर लालसमोर नुसतं बघत उभं राहायचं. वर आठ मिनिटांचा एन्रेज टायमर, तेवढ्यात मारला नाही तर बॉस चवताळतो. एका माणसाने बून काढायचं स्किल घेतलं आणि दोघं-तिघं कंडी (कंडिशन डॅमेजच्या) बिल्डवर आले की तीच फाईट सरळ होते. गोलेमवर या कशाचाच आकडा दिसत नाही.

आता क्विकनेस फायरब्रँड, गार्डियनचा दुसरा उपप्रकार. इथे युटिलिटी गियरमध्ये आणि ट्रेटमध्ये मोजावी लागते म्हणून महाग, पण बदल्यात मिळतं ते पण तसंच मोठं. क्विकनेसने स्किल आणि कृती ५० टक्के वेगाने होतात, एक सेकंदाचं स्किल दोन तृतीयांश सेकंदात. आणि बून स्वतःला धरून पाच जणांना लागतो. समजा प्रत्येकाचा डॅमेज १०० आहे आणि क्विकनेसने तो ३० ने वाढतो असं धरू (बिल्डप्रमाणे कमीजास्त होतं, जे कूलडाऊनवर अडकलेत त्यांना कमी फायदा). पाच शुद्ध डीपीएस, कुणीच क्विकनेस देत नाही, तर एकूण ५००. त्यातल्या एकाने क्विकनेस बिल्ड घेतली, त्याचा स्वतःचा उतरून ७५ झाला आणि बाकी चौघं १३० वर गेले, तर ५९५. डॅमेज मीटरवर तो माणूस शेवटी दिसतो आणि ग्रुपचा जास्तीचा डॅमेज सगळा त्याच्यामुळे आलेला असतो! माईट हा बून पण तसाच, एका स्टॅकला ३० पॉवर आणि ३० कंडिशन डॅमेज, पंचवीस स्टॅकला प्रत्येकी ७५०.

पण हे गणित उलटं पण फिरतं. क्विकनेसवर क्विकनेस चढत नाही, फक्त वेळ वाढते. सबग्रुपमध्ये (पाच जणांच्या तुकडीत) आधीच कुणी पूर्णवेळ देत असेल तर तुमचे ते गेलेले २५ फुकट गेले, त्या ठिकाणी बर्सरकरच बरोबर. म्हणून एलएफजीमधून (ग्रुप शोधायच्या यादीतून) जाताना आधी विचारा की क्विक आणि अलॅक कोण देतंय. अलॅक्रिटी म्हणजे कूलडाऊन लवकर भरणं, २० सेकंदांचं १६ ला येतं, आणि गार्डियनमध्ये ती द्यायची तर विलबेंडर हा तिसरा उपप्रकार बघावा लागेल, फायरब्रँड नाही.

डिव्हायनर का लागतं, तर कॉन्सन्ट्रेशनसाठी. १५ कॉन्सन्ट्रेशनला १ टक्का बून ड्युरेशन, १०० टक्क्यांना मर्यादा. तुमचं स्किल दर ८ सेकंदांनी ५ सेकंद बून देत असेल तर खंड न पडता टिकवायला ६० टक्के जास्त लागतं, म्हणजे ९०० पॉइंट. रून (चिलखतात बसवायचे तुकडे) आणि गेममधल्या जेवणातून काही निघतं, उरलेलं गियरमधून. इथे महत्त्वाचं हे की जेवढं लागतं तेवढंच घ्या. बून पूर्णवेळ टिकायला लागला की त्याच्यावरचा प्रत्येक कॉन्सन्ट्रेशन पॉइंट वाया, तिथे बर्सरकरचे पीस घाला. अर्धंमुर्धं गियर वाईट असं वर म्हटलं आणि इथे मिसळायला सांगतोय, कारण इथे एक ठरलेली रेषा गाठायचीये आणि ती गाठली की थांबायचंय.

फायरब्रँडला कंडी बाजूने पण नेता येतं, बर्निंग म्हणजे जाळण्याच्या कंडिशनवर. त्यात रिच्युअलिस्ट आणि व्हायपर गियर मिसळतात, आणि रिच्युअलिस्टमध्ये व्हायटॅलिटी मुख्य स्टॅट असल्यामुळे ती ११,६४५ ची अडचण आपोआप सुटते. ज्याला बॉस अजून पाठ नाहीत त्याला मी हीच देईन. मरण पावलेला क्विकनेसवाला म्हणजे पाच जणं हळू, ही जबाबदारी खरी आहे, बर्सरकरवाला मेला तर एकाचाच डॅमेज जातो.

आणि जागा. बून जवळच्यांनाच लागतात. तुम्ही एकटे लांब उभे राहिलात तर सगळं हवेत. एका स्क्वॉडमध्ये मला मधेच काढलं होतं, तेव्हा फार वाईट वाटलं, पण नंतर व्हिडिओ बघितला तर मी अर्धी फाईट ग्रुपच्या बाहेर उभा राहून टोम (फायरब्रँडची स्किलची पुस्तकं) उघडझाप करत होतो. त्यानंतर मी आधी उभं कुठे राहायचं ते शिकलो आणि बटणं नंतर.

सेलेस्टियलबद्दल थोडक्यात. सगळे स्टॅट थोडेथोडे, व्हायटॅलिटी पण, त्यामुळे हेल्थ साधारण सहा हजारांनी वाढते. एकट्याने चॅम्पियन मारायचा, मॅप पूर्ण करायचा, कुणाची मदत नाही, अशा वेळी हे फार सुखाचं आहे कारण माईट, हील, कंडिशन, सगळं तुमचं तुम्हीच पुरवता. पण हेच घेऊन रेडमध्ये डीपीएस म्हणून येऊ नका. तिथे हील करायला वेगळा माणूस आहे, बून द्यायला वेगळा, तुमच्या गियरमधलं अर्धं तिथे कामालाच येत नाही.

आपल्याकडून खेळताना दोन गोष्टी वेगळ्या पडतात. सर्व्हर युरोप आणि उत्तर अमेरिकेत, त्यामुळे पुण्यातून पिंग कधी झकास नसतो. क्रिटसाठी टायमिंग लागत नाही, पण ब्लॉक आणि डॉजसाठी लागतं, म्हणून काचेसारखी नाजूक बिल्ड इथून जास्त अवघड जाते आणि थोडी हेल्थ जास्त असलेली रिच्युअलिस्ट मला जास्त जमते. दुसरं म्हणजे वेळ. युरोपातले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. ऑफिस असेल तर रोज तेव्हा बसणं होत नाही, मग ठरलेला ग्रुप मिळत नाही आणि अनोळखी लोकांबरोबर खेळावं लागतं. अनोळखी ग्रुपमध्ये डीपीएसवाल्यांची रांग असते आणि क्विकनेसवाल्याची वाट बघत बसलेले असतात. मला फायरब्रँड घेतल्यापासून एलएफजीमध्ये थांबावं लागलेलं नाही.

खर्चाचं बघाल तर ड्रॅगनहंटरला हार्ट ऑफ थॉर्न्स लागतं आणि फायरब्रँडला पाथ ऑफ फायर (दोन्ही विकतची एक्स्पान्शन), फुकट अकाउंटवर दोन्ही नाहीत. एक्झॉटिक दर्जाचं बर्सरकर ट्रेडिंग पोस्टवर (गेममधल्या बाजारात) स्वस्तात मिळून जातं, डिव्हायनर तेवढं सहज नाही. चांगली गोष्ट ही की २०१२ पासून लेव्हल कॅप ८० च आहे, आज बनवलेलं गियर पुढच्या एक्स्पान्शनला कचऱ्यात जात नाही. आणि प्रत्येक कॅरॅक्टरला दोन इक्विपमेंट टेम्पलेट फुकट असतात, म्हणजे दोन सेट बाळगायला जास्तीचे पैसे नाहीत.

तर मी भावाला सांगितलं ते असं. पहिला सेट पूर्ण बर्सरकर, ड्रॅगनहंटर, एक्झॉटिकवरच, आणि तीनपैकी एक युटिलिटी स्लॉट कायम ग्रुपसाठी मोकळा ठेव, बॉस बघून त्यात काय घालायचं ते ठरव. दोन महिने असं खेळ. फ्रॅक्टल आवडायला लागली, पाच जणांत खेळायची सवय झाली की दुसरा सेट क्विकनेसचा, आणि मरणं कमी झालं नसेल तर रिच्युअलिस्टवाला, झालं असेल तर डिव्हायनर. एकट्यानेच फिरायचं असेल, आठवड्याला जेमतेम चार तास मिळत असतील, तर मात्र थेट सेलेस्टियल घे, बाकीचं वाचू पण नकोस.

ॲसेंडेडवर (एक्झॉटिकच्या वरच्या दर्जावर) सोनं ओतायच्या आधी लायन्स आर्च शहराच्या एरोड्रोममधून ट्रेनिंग एरियात जा, तिथे कन्सोलवरून स्वतःला बून लावता येतात. एकदा सगळे बून बंद करून गोलेम मार, मग क्विकनेस आणि माईट लावून तीच बटणं दाब, आणि दोन्ही वेळा लिहून ठेव. भावाने परवा रात्री ते केलं, मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, की दादा, डिव्हायनरचं शस्त्र बनवायची इन्स्क्रिप्शन कुठे मिळते.