वर छाप एलव्हीसीची, आत भलतंच

आधीच सांगतो, मी नवशिका नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या जीपीआयओला, म्हणजे बाहेरची सर्किटं जोडायच्या पिनांना, ३.३ व्होल्टच्या वर देऊ नये, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. सेन्सर ५ व्होल्टचे, म्हणून तर मधे ५ चे ३.३ करणारी चिप, ७४एलव्हीसी२४५, घातली. ती ३.३ वर चालवली तरी इनपुटला ५.५ पर्यंत सोसते, डेटाशीटात तसं आहे. २५ चिप मागवल्या, निम्म्या भावात. हो, निम्म्या. हसा.

चिप नकली आहेत, हे त्या रात्रीच कळायला हवं होतं. पायची केबल काढलेली, सेन्सरांचा वेगळा सप्लाय मात्र चालू. सहज मीटर लावला तर ३.३ च्या लाइनवर २.१ व्होल्ट! बंद बोर्डावर व्होल्टेज आलंच कुठून? आणि मी काय केलं, तर मीटरची बॅटरी बदलली. आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

जुनी एचसी, म्हणजे ७४एचसी हा त्याच चिपचा जुना प्रकार, घासून वर एलव्हीसीची छपाई, दुसरं काय! एचसीत इनपुटपासून व्हीसीसीकडे, म्हणजे चिपच्या सप्लायच्या पिनकडे, क्लॅम्प डायोड असतो, जास्तीचं व्होल्टेज सप्लायकडे वळवणारा, त्यातून ५ व्होल्ट ३.३ च्या लाइनमध्ये घुसत होते. पहिल्या बोर्डाचे ४ पिन गेले. चूक माझ्या सोल्डरिंगची असेल म्हणून दुसरा बोर्ड त्याच चिपला जोडला. तो अख्खाच गेला.

मल्टिमीटर डायोड तपासायच्या मोडवर ठेवा, लाल टोक इनपुटला, काळं व्हीसीसीला. ०.६ च्या आसपास आकडा आला तर ती चिप ५ व्होल्टला लावू नका. माझ्या पंचवीसच्या पंचवीस तोच आकडा दाखवतात.

विक्रेता म्हणतो, "सर, वर तेच नाव आहे ना?" अहो, तीच तर तक्रार आहे! संकेतस्थळाला रीडिंगचा व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं, वस्तू चित्राप्रमाणेच आहे. परतीची मुदत १० दिवस, माझा १३वा. पोलीस म्हणाले, "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?" ग्राहक तक्रारीच्या अर्जात दोष लिहायला एक ओळ. क्लॅम्प डायोड एका ओळीत समजावून दाखवा कुणीतरी! आठवड्याने संदेश आला, तक्रार निकाली.

सिग्नल संथ आणि एकाच दिशेचा असेल तर १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर ५ चे ३.३३ करतात. आयटूसीला, म्हणजे एकाच तारेवर दोन्ही दिशांनी डेटा जातो त्या जोडणीला, ते चालत नाही, तिथे बीएसएस१३८ मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लावा. आणि नवीन चिपवर पहिला प्रयोग बोर्डाविना करा.

चिपच्या पाकिटावर मी आता '७४एचसी?' असं लिहून ठेवलंय. प्रश्नचिन्ह अशासाठी, की एचसी तरी खरी कशावरून?