हँड पॅलेट ट्रक, काही महिन्यांच्या वापरानंतर: पंपाला पैकीच्या पैकी, पिनांना काठावर पास

हँड पॅलेट ट्रक म्हणजे मालाच्या पॅलेटखाली दोन लांब फोर्क (काटे) घालून, हँडलने पंप मारून ते उचलणारी हातगाडी. तिच्याबद्दल कुणी विचारलं की बोलणं पंपावरच येतं. किती टनाचा आहे, सील टिकतात का, तेल गळतं का. गोदामात काही महिने रोज वापरल्यावर मला वाटतं, या यंत्राचा खरा कस फोर्कांच्या पोटाखाली, जिथे सहसा कुणी वाकून बघत नाही, तिथे लागतो. म्हणून हा अनुभव मुख्यतः उचलण्याच्या यंत्रणेबद्दल आहे. रंग, हँडलची पकड वगैरे सगळं ठीक आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचा ट्रक नेहमीच्या मापाचा आहे. क्षमता २५०० किलो, फोर्कची लांबी ११५० मिमी, दोन्ही फोर्क मिळून बाहेरची रुंदी ५५० मिमी. फोर्क पूर्ण खाली असताना उंची ८५ मिमी, पूर्ण वर २०० मिमी, म्हणजे उचल ११५ मिमीची. पुढे पॉलियुरेथेनची ८० मिमीची दुहेरी चाकं, मागे २०० मिमीची स्टिअरिंगची चाकं. माल बहुतेक वेळा अर्धा ते दीड टन, कधीमधी दोन.

ही मापं उगाच ठरलेली नाहीत. ८०० बाय १२०० मिमीच्या युरो पॅलेटमध्ये फोर्क शिरायला जमिनीपासून १०० मिमीची फट असते. ८५ मिमीचा फोर्क आत गेला की वर १५ मिमी मोकळे राहतात. पंप मारायला लागल्यावर पहिले १५ मिमी ही फट भरण्यात जातात, पॅलेट हलतही नाही, आणि उरलेल्या १०० मिमीत ते जमिनीवरून उचललं जातं. या १५ मिमीच्या हिशोबावर पुढे बरंच काही अवलंबून आहे.

आधी पंपाबद्दल, कारण त्याला मी मनापासून चांगले गुण देतो. तत्त्व जुनंच आहे, ब्रामाने १७९५ साली पेटंट घेतलेल्या हायड्रॉलिक प्रेसचं. लहान दट्ट्यावर थोडा जोर द्यायचा, मोठ्या रॅमवर (फोर्क उचलणाऱ्या दांड्यावर) भरपूर मिळवायचा. रॅमचा व्यास ३५ मिमी धरला आणि त्यावर २००० किलो आले, तर तेलाचा दाब साधारण २०० बार होतो. दट्ट्या १८ मिमीचा धरला, तर त्याला खाली ढकलायला ५२० किलोच्या आसपास जोर लागतो. हँडलची तरफ वीस पटीची असली की हातावर २६ किलो येतात, शिवाय घर्षण. दोन टन उचलण्यासाठी एवढंच. मोबदल्यात हात जास्त वेळा मारावे लागतात. दट्ट्याची चाल २५ मिमी धरली तर एका हातात फोर्क साडेसहा मिमी चढतो, म्हणजे पूर्ण उंचीला सतरा-अठरा हात.

या महिन्यांत पंपाने एकदाही दगा दिला नाही. भरलेलं पॅलेट पूर्ण उंचीवर ठेवून, फोर्कच्या मुळाशी स्टीलची पट्टी उभी करून रात्रभर सोडलं, तर सकाळी उतार दोन-तीन मिमीच्या वर गेलेला नसतो. रॅमवर तेलाचा पातळ ओलावा दिसतो, थेंब कधी पडलेला नाही. चाक बदलायला ट्रक आडवा केला तेव्हा पंपात हवा शिरली आणि हँडल पोकळ वाटायला लागलं. हँडलवरचा, फोर्क वर-खाली करायचा लिव्हर ‘खाली’च्या स्थितीत धरून दहा-पंधरा वेळा हँडल मारलं, हवा निघाली, काम झालं. लिव्हरपासून हँडलमधून पंपाच्या व्हॉल्व्हकडे जाणारी चेनही एकदा जुळवावी लागली. लिव्हर मधल्या खाचेत असताना हँडल मारलं तर फोर्क वरही जाता कामा नये आणि खालीही येता कामा नये. आमचा किंचित वर चढायला लागला होता. चेनच्या टोकाचा नट अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघायचा, घाईने पूर्ण फेरा द्यायचा नाही.

आता लिंकेज, म्हणजे पंपाची उचल पुढच्या चाकांपर्यंत नेणारी रॉड आणि पिनांची जोडणी. रॅम वर सरकतो तेव्हा तो थेट फक्त फोर्कांचा मागचा भाग उचलतो. पुढची टोकं वर न्यायला रॅमपाशी हात नाहीत. त्यासाठी फ्रेमच्या तळाशी एक आडवा शाफ्ट असतो, त्यावर रॉकर, म्हणजे शाफ्टभोवती झुलणारी तरफ. फ्रेम पंपाच्या बुडापासून वर गेली की त्यांना जोडणारा दुवा रॉकरला फिरवतो, रॉकर फोर्कांच्या पोटातले दोन लांब रॉड पुढे ढकलतो, आणि रॉड पुढच्या चाकांच्या योकला (चाक धरणाऱ्या, पिनेवर फिरणाऱ्या चौकटीला) फिरवून चाक खाली दाबतात. चाक जमिनीला टेकलेलं, म्हणून फोर्कचं टोक वर येतं. मापं नीट बसवलेली असली की मागचा भाग जेवढा चढतो तेवढंच टोक चढतं आणि फोर्क शेवटपर्यंत आडवा राहतो.

या रचनेतली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. फोर्क आडवाच चढत असेल, तर माल टोकाकडे ठेवा की मुळाकडे, रॅमला तेवढाच जोर लावावा लागतो. पुढच्या चाकांवर आलेलं वजनसुद्धा रॉड आणि रॉकरमधून परत रॅमकडेच येतं. म्हणून माल कुठेही ठेवला तरी हँडल साधारण सारखंच जड लागतं, आणि वापरणाऱ्याला वाटतं की सगळं काम पंपच करतो आहे. मधल्या पिनांवर किती येतं ते हाताला कळत नाही.

किती येतं त्याचा अंदाज करून बघा. फोर्क खाली असताना चाक ८५ मिमीच्या आत मावायला हवं, म्हणून योक जवळजवळ आडवा झोपलेला असतो. योकच्या पिनेपासून चाकाच्या आसापर्यंत १३५ मिमी आणि रॉडच्या पिनेपर्यंत ४० मिमी धरा. एका फोर्कच्या पुढच्या चाकांवर ६०० किलो आले, तर रॉडला दोन टनांहून थोडं जास्त ढकलावं लागतं. म्हणजे दोन टनाच्या मालाला दोन्ही रॉड मिळून चार टनांचा दाब सोसतात. आणि हे ढकलणारे रॉड आहेत, ओढणारे नाहीत. लांब रॉड दाबाखाली वाकायला बघतो, म्हणून तो जाडजूड लागतो. काही रचनांमध्ये रॉकर उलटा बसवून रॉड ओढीवर घेतलेले असतात, तिथे बारीक रॉडही चालतो. आमचा ढकलण्याचा आहे, जाडी भरपूर आहे, आणि एकही रॉड वाकलेला नाही.

फोर्क चढतो तसा योक उभा होत जातो, आडवं अंतर कमी होतं, रॉडवरचा दाब घटतो. म्हणजे सगळ्यात कठीण क्षण अगदी सुरुवातीचा. आणि इथेच आमच्या ट्रकने पहिली खूण दिली. काही महिन्यांनी मालाखाली पहिले तीन-चार हात जड लागायचे, पुढे हलके व्हायचे. पंपाचा दोष असता तर सगळेच हात सारखे बिघडले असते. कोरड्या पिनेतलं घर्षण तिच्यावरच्या दाबाबरोबर वाढतं, आणि दाब सुरुवातीलाच सर्वांत जास्त. ग्रीस भरलं तसे ते पहिले हात पुन्हा सैल झाले. तेव्हापासून गोदामातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवलंय: सुरुवात जड आणि पुढे हलकं, तर आधी ग्रीसगन आणा.

झीज मात्र ग्रीसने भरून येत नाही. आमच्या ट्रकमध्ये रॉकरच्या शाफ्टला ब्राँझचे बुश (पिन ज्यात फिरते ती झिजल्यावर बदलता येणारी नळी) आहेत आणि ग्रीस भरायचे निपलही. पुढच्या योकच्या पिनेला निपल आहे, पण बुश नाही. पोलादी पिन थेट पोलादी भोकात फिरते, तीही जमिनीपासून चार बोटांवर, जिथे धूळ, पाणी, लाकडाचा भुसा, प्लॅस्टिक पट्ट्यांचे तुकडे सगळं येऊन चिकटतं. ज्या पिनेवर दोन टन येतात तिलाच बुश न देण्याचं कारण मला आजही पटत नाही.

परिणाम मोजून सांगतो. दीड टनाचं पॅलेट पूर्ण उंचीवर घेतलं आणि फोर्कची वरची पातळी जमिनीपासून मोजली. मुळाशी २००, डाव्या टोकाला १९५, उजव्या टोकाला १९१. माल काढून रिकामा उचलला तर दोन्ही टोकं जवळजवळ बरोबर. म्हणून ही तपासणी रिकाम्या ट्रकवर करून काही उपयोग नाही. ढिलाई मालाखालीच उघडी पडते.

हिशोब सोपा आहे. वरच्या मापांनी रॉडच्या बाजूचा अर्धा मिमी खेळ (ढिलाई) टोकाशी सव्वातीन पटीने मोठा होतो, म्हणजे दीड-पावणेदोन मिमी. दुव्याची पिन, रॉकर, रॉडची मागची पिन, पुढची पिन, प्रत्येक ठिकाणी अर्धा-अर्धा मिमी झिजला की टोक सहा-सात मिमी खाली. एकेक पिन हाताने हलवून बघितली तर वाटतं, एवढं तर चालायचंच. शिवाय चाक झिजतं ते वेगळं. ८० चं चाक ७४ झालं की टोक आणखी ३ मिमी उतरतं.

पाच-नऊ मिमीने काय बिघडतं, असं एकाने मला विचारलंच. दोन्ही टोकं वेगवेगळी उतरली की पॅलेट तीन कोपऱ्यांवर बसतं आणि उंच रचलेला माल एका बाजूला कलतो. उताराच्या तोंडाशी फोर्कचं टोक आधी घासतं. फरशीच्या सांध्यावर चाक आदळलं की सगळा खेळ एकदम भरतो, त्या धक्क्याने भोकं आणखी लांबट होतात, आणि झीज वेग घेते.

आमच्या रॉडला मागच्या बाजूला आटे आणि लॉकनट आहे, ही जमेची बाजू. काही ट्रकांवर रॉडचं टोक वेल्ड केलेलं असतं, तिथे जुळवायला जागाच नसते. पण या सोयीलाही मर्यादा आहे. रॉड लांब केला की वरची उंची परत मिळते आणि खालचीही वाढते. ८५ चे ८९ झाले, की १५ मिमीच्या मोकळ्या फटीतले चार गेले, आणि जरा वाकलेल्या फळीचं पॅलेट असेल तर शिरतानाच अडकतं. शेवटी पुढच्या दोन्ही पिना नव्या केल्या, भोकं मोठी करून त्यात बुश ठोकले, आणि रॉड मूळ लांबीवर आणले. दीड टनाखाली आता टोकं १९८ आणि १९७ दाखवतात. हे काम कारखान्यातच झालेलं असायला हवं होतं. त्याच वेळी लक्षात आलं की एका पिनेची स्प्रिंग पिन (मुख्य पिन जागेवर अडकवणारी छोटी पिन) अर्धी बाहेर आली होती. ती पडली असती तर मुख्य पिन सरकून योक सुटायला वेळ लागला नसता, म्हणून ग्रीस भरताना स्प्रिंग पिनांवर एक नजर टाकाच.

योक फिरतो तेव्हा चाक खाली येतंच, शिवाय फोर्कच्या मानाने काही सेंटिमीटर आडवंही सरकतं. म्हणून पंप मारताना ट्रक किंचित हलतो. तो हलू द्यायचा. चाक फरशीच्या खाचेत किंवा पॅलेटच्या खालच्या फळीला अडून राहिलं तर सगळा ताण पुन्हा त्याच पिनांवर. खालून चारी बाजूंनी फळ्या असलेल्या पॅलेटमध्ये तर चाक दोन फळ्यांमधल्या मोकळ्या जागेत आलंय का ते बघूनच उचलावं, नाहीतर चाक खाली उतरताना फळी मोडतं.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. आमचा व्हॉल्व्ह साधा आहे, ठरावीक छिद्राचा. अशा छिद्रातून तेलाचा वेग दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे चौपट माल दुप्पट वेगाने खाली येतो. नवीन माणूस रिकाम्या ट्रकवर लिव्हर शिकतो आणि दोन टनांवर तसंच खेचतो. आधी जड मालावर, अलगद दाबून शिकवावं. पाय फोर्काखाली नसावेत हे वेगळं सांगत नाही.

सध्या एक विजेवर उचलणारा ट्रक चाचणीला आलाय. हाताऐवजी मोटर आणि पंप, उतरवायला विजेने उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पण फोर्कांच्या पोटात तेच रॉकर, तेच रॉड, तोच योक. फरक असा की पहिले जड हात आता कुणाच्या हाताला लागत नाहीत. मोटर कोरड्या पिनेलाही तशीच फिरवते, बॅटरी थोडी जास्त खर्च होते इतकंच, आणि वापरणाऱ्याला आतली झीज कळायचा मार्गच उरत नाही. म्हणून विक्रेत्याला मी पहिला प्रश्न मोटरचा विचारला नाही. योकच्या पिनेला बुश आहे का, निपल आहे का, रॉड जुळवता येतो का, हे विचारलं. बुश आहे, निपल आहे, रॉडचं टोक मात्र वेल्ड केलेलं निघालं. आटे असलेला रॉड मिळतो का, याचं उत्तर यायचंय.