गहवा घरी करायचा तर: तयार मिश्रण की सुटी कॉफी, सुटी वेलची?

रियाधमधल्या कुठल्याही मोठ्या दुकानात गहव्याच्या, म्हणजे वेलची घातलेल्या फिक्या अरबी कॉफीच्या, फळीपुढे उभं राहिलं की निवड दोघांतच असते. एक म्हणजे कॉफी, वेलची, कधी लवंग आणि केशरही आधीच मिसळलेलं पाकीट. दुसरं, फिक्या भाजणीची कॉफी वेगळी, वेलची वेगळी, केशर वेगळं, आणि जमवाजमव आपली आपण. गरम पाण्यात ढवळून प्यायची झटपट पूडही मिळते. प्रवासात चालते, तिच्यावर शब्द घालवत नाही.

मिश्रणाची बाजू लंगडी मुळीच नाही. प्रमाण चुकत नाही, घरात कुणीही केला तरी चव तीच येते, आणि दळण्याची कटकट नाही. ही शेवटची गोष्ट कमी लेखू नका. फिक्या भाजणीचा दाणा भलताच कडक असतो. आपल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अर्ध्याचं पीठ होतं आणि अर्धा तसाच उड्या मारत राहतो. अचानक पाच-सहा माणसं आली तर पाकीट फोडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

तरीही मी मिश्रण सोडलं, ते एकाच त्रासापायी. फिकी भाजलेली कॉफी पाण्यात सहजी उतरत नाही. तिला मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. त्याआधी उतरवलं तर नुसतं पिवळसर पाणी. वेलचीला मात्र एवढा वेळ सोसत नाही. तिचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, तो वाफेबरोबर निघून जातो आणि मागे सालीचा कडवटपणा उरतो. पाकिटात दोन्ही एकत्र, म्हणजे दोघांना एकच वेळ. आमटीत कोथिंबीर पहिल्यापासून शिजवावी तसला हा प्रकार. घर वेलचीच्या वासाने भरून जातं, सगळे खूश होतात, आणि फिंजानात, म्हणजे गहव्याच्या छोट्या बिनकानाच्या पेल्यात, वास शोधावा लागतो. आच कमी केली, वेळ कमी केला, झाकण ठेवलं. दरवेळी कॉफी किंवा वेलची, कुणीतरी एक रुसलेलंच.

सुट्या सामानात हा तंटाच राहत नाही. लिटरभर पाण्याला तीन-चार मोठे चमचे जाडसर कॉफी, ती निवांत उकळू द्यायची. मग सालीसकट भरड कुटलेली वेलची एक-दोन चमचे, वाटलं तर दोन लवंगा, आणि चार-पाच मिनिटांत गॅस बंद. गाळ खाली बसू द्यायचा. सौदी घरांत याहून सोपी युक्ती दिसते: केशर आणि थोडी वेलची थर्मासच्या तळाशी घालून ठेवतात आणि वरून गरम गहवा गाळून ओततात. उकळीशी संबंधच येत नाही. माझ्या जिभेला यातला फरक पहिल्याच घोटात कळतो. अर्थात जीभ माझी आहे, आणि कमी वेलची आवडणाऱ्याला एवढं जाणवणारही नाही कदाचित.

दळण्याचं म्हणाल, तर इथल्या भाजणीच्या दुकानात हरारी (इथिओपियाचा) किंवा खौलानी (येमेन-सौदी सीमेवरच्या डोंगरांतला) दाणा समोर दळून देतात. ‘जाडसर’ एवढं सांगायला विसरू नका. बारीक पूड तळाशी बसत नाही, दातात येते.

एका ठिकाणी मात्र मिश्रणच सरस. जॉर्डन, सीरिया, लेबनॉनकडची काळ्या भाजणीची, तुर्की धर्तीची कॉफी करणार असाल, तर वेलची घालूनच दळून घ्या. ती छोट्या भांड्यात दोन-तीन मिनिटांत फेसाळून होते, वेलचीला बिघडायला सवड मिळत नाही. सगळा झगडा फिक्या, लांब उकळीच्या आखाती गहव्यापुरताच आहे.

पुण्या-मुंबईत बसून करायचा असेल तर मिश्रणाचं पाकीट आणवणं सोपं, हे खरं. पण वाटेत आणि कपाटात त्याचे किती महिने गेले, हे विचारावं. दळलेली वेलची लवकर निर्जीव होते. त्यापेक्षा चिकमगळूरचे कच्चे दाणे आणून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत भाजून बघा. फिक्या बदामी रंगावर, तडतड सुरू होते न होते तोच उतरवायचे. हिरवीगार वेलची तर आपल्या घरात असतेच. केरळातल्या इडुक्कीची वेलची रियाधच्या बाजारातही ग्वाटेमालाच्या वेलचीशेजारी मांडलेली असते.

इतकं करून मिश्रणच हवं असेल, तर सर्वांत कमी वेलचीचं पाकीट निवडा, आणि गाळायच्या चार मिनिटं आधी घरची चमचाभर कुटलेली वेलची वरून घाला.