डीपीएफ बदलण्याआधी डोझरला डिझेल मिळतंय का ते बघा

बीएस-६ ट्रकच्या मालकांना एका ठरलेल्या पद्धतीने लुबाडलं जातंय. डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, लाईट लागते, पिकअप मरतो, गाडी गॅरेजला जाते. तिथे स्कॅनरवर एसपीएन ३२५१, म्हणजे फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातल्या फरकाचा कोड, दाखवतात आणि 'फिल्टर गेला, नवाच टाका' म्हणून भलंमोठं कोटेशन हातात देतात. त्याच्या जोडीला असलेले ३४८०, ३४८२, ३५५६ हे कोड तुम्ही बघण्याआधीच पुसलेले असतात. खरा बिघाड सांगतात ते हेच: डोझरच्या (सायलेन्सरच्या लाईनमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) डिझेलचा दाब, शटऑफ व्हॉल्व्ह आणि खुद्द डोझर.

काजळी जाळायला फिल्टरच्या तोंडाशी साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. नुसत्या धुराने तेवढं तापत नाही. म्हणून डोझर डीओसीच्या (फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टच्या) आधी डिझेल फवारतो, ते डीओसीत जळतं आणि तापमान चढतं. डिझेलच आलं नाही तर रीजन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं, अर्धवट राहतं आणि फिल्टर तुंबतो. अशा गाडीत नवा फिल्टर टाकला तरी काही दिवसांत तोही तुंबणार. (काही इंजिनांत वेगळा डोझर नसतो, इंजिनाचेच इंजेक्टर हे काम करतात. आधी आपली गाडी कुठली ते विचारा.)

पार्क रीजन (गाडी उभी ठेवून केलेलं रीजन) लावायला सांगा आणि लाईव्ह डेटा स्वतः बघा. डीओसीच्या आधी ३०० अंश झाले तरी नंतरचा आकडा चढत नसेल, तर डिझेल येत नाही किंवा डीओसी निकामी आहे. यातलं नेमकं काय, ते डोझर टेस्टच सांगते: सायलेन्सर गार असताना डोझर बाहेर काढायचा, स्कॅनरवरून चालवायचा, मोजपात्रात पडलेलं डिझेल मॅन्युअलमधल्या मापाशी ताडायचं. कमी पडलं तर डिझेल फिल्टर, दबलेली लाईन, शटऑफ व्हॉल्व्हचा कपलर आणि कार्बन धरलेला नोझल याच क्रमाने तपासा. इंजिन बंद करून लाईनमधला दाब सोडल्यावरही स्कॅनरवर दाब दिसत राहिला, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग चुकीचा आकडा देतेय. यातली बरीच कामं फिल्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतात.

डोझर गळतोय, पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय, अशा गाडीला रीजन अजिबात लावू नका. साठलेलं डिझेल एकदम पेटून फिल्टर वितळतो.

जुना भाग गॅरेजमध्ये सोडू नका. डीओसी आणि डीपीएफमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, भंगारात त्याला चांगली किंमत येते. शिवाय तुमचाच फिल्टर धुऊन 'नवा' म्हणून परत बसवला जातो. किल्ली देण्याआधी फिल्टरच्या सीरियल नंबरचा आणि सगळ्या कोडचा फोटो काढा, आणि कोड न पुसण्याची अट जॉबकार्डवर लिहून घ्या.

पैसे गेलेच असतील तर बिलावर बदलाचं कारण लेखी मागा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा मालक कायद्याने ग्राहक ठरतो. 'गाडी धंद्याची आहे, तुमची केस उभी राहणार नाही' असं गॅरेजवाल्याने सांगितलं तर ऐकू नका.