एक खिडकी खरी, पण आत खोल्या बऱ्याच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची फर्म सांगलीची. हळद बाहेर जाते, लवंग आत येते. कागदपत्रं माझ्याकडे आहेत, पण वर्षानुवर्षं त्याचा अर्थ एवढाच होता की इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट गोळा करायची, स्कॅन करून सीएचएला (आमच्या वतीने कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटला) व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची आणि दर दोन तासांनी "झालं का हो?" म्हणून फोन करायचा. आठ महिन्यांपूर्वी एका कंटेनरवर डिटेन्शन, म्हणजे तो उशिरा परत केल्याचा आकार, बसलं. अण्णा, म्हणजे आमचे मालक, शांतपणे म्हणाले, "अगं, आपला माल कुठे अडकलाय हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायचं का?" त्याच आठवड्यात मी आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, आमच्या आयईसीची (आयात-निर्यातदाराच्या कोडची) नोंदणी केली आणि कस्टम्सची 'सिंगल विंडो', म्हणजे एक खिडकी, वापरायला घेतली.

आधीच सांगते, बिल ऑफ एंट्री (आयातीचं घोषणापत्र) आणि शिपिंग बिल (निर्यातीचं) आजही सीएचएच भरतो. ते काम मी अंगावर घेतलेलं नाही, घ्यायची हौसही नाही. मी करते ते असं: कागद तयार करणं, सीएचए फाइल करण्याआधी पाठवतो तो मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, ओळीओळीने तपासून पास करणं, फाइल झाल्यावर रोज स्टेटस बघणं आणि अधिकाऱ्याची क्वेरी (शंका) आली की उत्तराचा मसुदा लिहून देणं. हा अनुभव त्या खुर्चीवरून लिहिलेला आहे.

'सिंगल विंडो' हा शब्द आपल्याकडे कस्टम्सने 'स्विफ्ट' नावाने 1 एप्रिल 2016 पासून देशभर आणला. त्याआधी आयातदाराला कस्टम्सचा फॉर्म वेगळा, फूडवाल्यांचा वेगळा, प्लांट क्वारंटाइनचा (शेतमालातली कीड-रोग तपासणाऱ्या खात्याचा) वेगळा, औषधांचा वेगळा असं सगळं भरावं लागायचं. सहा खात्यांचे मिळून नऊ फॉर्म एका एकत्रित घोषणापत्रात आले. जगात ही कल्पना नवी नव्हती. सिंगापूरने ट्रेडनेट 1989 मध्येच सुरू केलं होतं, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रेड फॅसिलिटेशन कराराने पुढे सगळ्याच सदस्य देशांना अशी खिडकी उघडायला सांगितली.

लवंगेच्या बाबतीत याचा अर्थ असा. माहिती एकदाच भरायची, मग ती कस्टम्सला दिसते, एफएसएसएआयला (अन्नसुरक्षा बघणाऱ्या खात्याला) दिसते, प्लांट क्वारंटाइनलाही दिसते. कोणता माल कोणत्या खात्याकडे पाठवायचा हे सिस्टीम जोखीम पाहून ठरवते, त्यामुळे प्रत्येक वेळी सॅम्पल निघतंच असं नाही. सगळे कागद ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर चढतात. पीडीएफ 1 एमबीच्या आत, डिजिटल सही केलेली. प्रत्येक कागदाला एक आयआरएन नंबर मिळतो आणि बिल ऑफ एंट्रीत तोच द्यायचा. मूळ कागदांचा गठ्ठा कुरिअरने मुंबईला पाठवून पोचपावतीची वाट बघणं आता बरंच संपलं. मला विचाराल तर सगळ्यात सुखाची गोष्ट हीच. रात्री साडेआठला कुरिअरवाल्याच्या मागे स्टँडवर धावलेली बाई मी आहे.

आता गंमत बघा. माहिती एकदाच भरायची, म्हणजे चूकही एकदाच करायची, आणि ती एका झटक्यात सगळ्या खात्यांपुढे जाते.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. मादागास्करहून लवंगेचा कंटेनर निघाला. पॅकिंग लिस्टवर 400 पोती, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (माल कीड-रोगमुक्त असल्याचा पाठवणाऱ्या देशाचा दाखला, थोडक्यात 'फायटो') 398. पाठवणाऱ्याने लोडिंगच्या वेळी दोन पोती वाढवली होती आणि फायटो आधीच काढून झालं होतं. पूर्वी कस्टम्सचा कागद एका टेबलावर, फायटो दुसऱ्या टेबलावर. दोन पोत्यांचा फरक कोणाच्या नजरेला पडला असता असं मला वाटत नाही. आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी. क्वेरी आली. दुरुस्त फायटो यायला सहा दिवस लागले आणि सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं आमच्या नावावर चढलं. अण्णांचं म्हणणं पडलं, "या कॉम्प्युटरपेक्षा कारकून बरा होता." मला ते पटलं नाही. कारण चूक आमचीच होती. बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीचा) ड्राफ्ट आला तेव्हा तो फायटोशी ताडून बघायला मीच विसरले होते.

त्यानंतर एक सवय लावून घेतली. माल जहाजावर चढण्याआधी पाठवणाऱ्याकडून सगळ्या कागदांचे ड्राफ्ट मागवते आणि एका एक्सेल शीटवर शेजारी शेजारी उतरवून काढते: पोती, निव्वळ वजन, एकूण वजन, कंटेनर नंबर, सील नंबर, मालाचं वर्णन, पाठवणाऱ्याचं नाव. नाव म्हणजे अगदी स्पेलिंगसकट. कंटाळवाणं काम आहे, पाऊण तास जातो. पण त्या दिवसापासून आकडे न जुळल्याची क्वेरी एकदाही आलेली नाही.

दुसरा धडा निर्यातीचा, आणि तोही आमच्याच हाताने झालेला. हळदीचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा नंबर, 0910 30. हे सहा आकडे जगभर सारखेच. पुढचे दोन आपल्या देशाचे: सुकी हळद 20, पावडर 30. आम्ही वर्षानुवर्षं जुन्या इन्व्हॉइसची कॉपी मारून नवा बनवतो, त्यात पावडरच्या मालाला 20 राहून गेलं. चेकलिस्ट आली, मी वजन बघितलं, किंमत बघितली, कोडवरून नजर तशीच सरकली. नशीब एवढंच की लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टम्सची मंजुरी, व्हायच्या आधी सीएचएच्या पोराच्या लक्षात आलं. त्याचा फोन आला, "ताई, गोणीवर पावडर लिहिलंय आणि तुमच्या कागदात अख्खी हळद आहे, काय करू?" दुरुस्ती झाली. माल निघून गेल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे अर्ज, कारणं, पुरावे, आणि वर रोडटेपच्या (निर्यातदाराला मिळणाऱ्या कर-परताव्याच्या) रकमेचा घोळ, कारण तो दर याच आठ आकडी कोडवर ठरतो.

क्वेरीबद्दल थोडं. 2020 पासून फेसलेस असेसमेंट आलं, म्हणजे आपल्या बिल ऑफ एंट्रीचं मूल्यमापन करणारा अधिकारी देशातल्या कुठल्याही बंदरावर बसलेला असू शकतो. आधी न्हावा शेवाला सीएचए प्रत्यक्ष जाऊन समजावून सांगायचा. आता समजावणं लिहूनच करावं लागतं. माझा अनुभव असा की उत्तर जितकं छोटं आणि कागदाच्या नंबरासकट, तितकी गाडी लवकर पुढे सरकते. "सोबत सर्व कागद जोडले आहेत" असं लिहून काही होत नाही. "करार अमुक तारखेचा, आयआरएन अमुक, पान दोन, परिच्छेद चार" असं लिहिलं की होतं. सुरुवातीला मी लांबलचक, अदबीची उत्तरं लिहायची. सीएचए हसायचा.

आता खोल्यांबद्दल, कारण 'एक खिडकी' म्हटल्यावर नवीन माणसाला वाटतं की एका लॉगिनमध्ये सगळं होईल. तसं नाही. माल एफएसएसएआयकडे गेला की त्यांची फी आणि तपासणीची वेळ त्यांच्या सिस्टीमवर. प्लांट क्वारंटाइनचं स्वतःचं पोर्टल. आयईसी डीजीएफटीकडे, म्हणजे परदेशी व्यापार खात्याकडे. मसाले निर्यात करायचे तर स्पाइसेस बोर्डाची नोंदणी वेगळी. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आणखी वेगळ्या ठिकाणी. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर सहा पासवर्ड आहेत. (हो, लिहून ठेवू नयेत हे माहीत आहे.) खिडकीमुळे घोषणापत्र एक झालं, परवानग्यांची घरं मात्र आपापल्या जागी आहेत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने माझी एवढी चिडचिड झाली नसती.

एडी कोडचंही तसंच. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) प्रत्येक बंदरासाठी आइसगेटवर नोंदवावा लागतो. आमच्या बँकेने पत्रावर दुसऱ्याच शाखेचा कोड छापून दिला. ते पत्र बदलून घ्यायला मी तीन चकरा मारल्या, आणि यात खिडकीचा काहीच दोष नाही.

काही गोष्टी मी स्वतः ठेचकाळून शिकले, त्या नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी. तेव्हा पैसे लागत नाहीत, पण विसरलात तर आयईसी निष्क्रिय होतो आणि नेमका माल बंदरात असताना ते कळतं. डिजिटल सही क्लास थ्री लागते, तिची मुदत कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं असायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि त्यानंतर रोज 10,000. त्यामुळे "कागद उद्या पाठवतो" म्हणणाऱ्या पुरवठादाराशी मी आता गोड बोलत नाही.

खाद्यपदार्थ आणणाऱ्यांसाठी आणखी एक. पोत्यावर आयातदाराचं नाव-पत्ता किंवा एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर नसेल तर घाबरू नका, इथे आल्यावर स्टिकर लावून दुरुस्त करता येतं. पण उत्पादनाची तारीख किंवा मुदतच छापलेली नसेल तर त्यावर स्टिकरचा उपाय चालत नाही. आम्ही आता पुरवठादाराला ऑर्डरबरोबरच लेबलचा नमुना पाठवतो.

कोड टाकून त्या मालाला कोणत्या खात्याची मंजुरी लागते, ड्यूटी किती, हे दाखवणारं कंप्लायन्स इन्फर्मेशन पोर्टल 2021 पासून आहे. ते मला आठव्या महिन्यात सापडलं. सगळ्यात आधी सापडायला हवं होतं. नवीन माल आणायचा विचार असेल तर पुरवठादाराकडून भाव मागवायच्या आधी तिथे बघा.

सीएचएशी नातंही बदललं. आधी त्याला वाटलं मी त्याच्यावर नजर ठेवतेय. पहिल्या महिन्यात तर चेकलिस्ट मुद्दाम संध्याकाळी सहाला यायची, "ताई, लगेच पास करा" म्हणून. आता सकाळी येते. कारण माझ्या शीटमुळे त्याच्याही क्वेरी कमी झाल्या, आणि एका फाइलवर तीनदा हात फिरवायला त्यालाही वेळ कुठे आहे. फोन दिवसाला दहा व्हायचे, आता दोन होतात, त्यातला एक तरी क्रिकेटबद्दल असतो.

खिडकी वापरायला घेतल्यापासून वेळ किती वाचला असं अण्णा विचारतात. बंदरावरचा वाचला, पण माझ्या टेबलावरचा वाढला. पूर्वी जे काम माल पोचल्यावर धावपळीत व्हायचं, ते आता माल निघायच्या आधी, पंख्याखाली बसून होतं. मला हे चालतं. अण्णांना अजून हिशोब जुळत नाही, कारण सीएफएसचं न भरलेलं भाडं खातेवहीत कुठेच दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात लवंगेचा नवा कंटेनर निघतोय. फायटोचा ड्राफ्ट आजच आला. 400 पोती, दोन्हीकडे.