लांबच्या प्रवासात गाडीतली गाणी: पेन ड्राइव्ह, ऑक्स वायर, ब्लूटूथ की एफएम ट्रान्समीटर?

मुंबईहून किंवा पुण्याहून कोकणात अथवा गोव्यात गाडीने जायचे ठरले की जवळची गाणी गाडीच्या स्पीकरवर कशी वाजवायची, हा प्रश्न बहुतेक लोक आवाजाच्या दर्जावरून सोडवायला जातात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. वाटेत मोबाइलची रेंज कुठे जाते याचा विचार सर्वांत आधी करावा, त्यानंतर चालकाला यंत्राकडे किती वेळा पाहावे लागते याचा, आणि आवाजाचा दर्जा या दोहोंनंतर पाहावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर पुढे जाते, आणि त्या वेगाला टायर, वारा व एसी यांच्या आवाजात ध्वनीतले बारीकसारीक फरक निम्मेअधिक बुडून जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यातच धरले आहे, तेव्हा ‘पुढचे गाणे लावतो’ ही सबब पोलिसांपुढे टिकणार नाही.

जुन्या गाडीत फक्त रेडिओ आणि सीडी असेल, तर दुकानदार सर्वांत आधी एफएम ट्रान्समीटर हातात ठेवतो. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे हे छोटे यंत्र मोबाइलमधील गाणे ब्लूटूथने घेते आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील एखाद्या मोकळ्या जागेवरून ते गाडीच्या रेडिओला ऐकवते. ते स्वस्त आहे, कुठलीही वायर कापावी लागत नाही, आणि गाडी विकली तर काढून नव्या गाडीत लावता येते. अडचण आहे ती मोकळ्या जागेची. मुंबईत ९१.१, ९३.५ आणि ९८.३ वर केंद्रे आहेत, पुण्यातही नेमक्या याच आकड्यांवर आहेत, आणि मुंबईत १००.७ व १०७.१ वर आकाशवाणी आहे. एका शहरात शोधलेली मोकळी जागा पुढच्या शहरात भरलेली निघते आणि ऐन गाण्यात कुठल्यातरी जाहिरातीचा आवाज घुसतो, मग चालकाला ट्रान्समीटर आणि रेडिओ अशा दोन्ही ठिकाणी आकडा बदलत बसावे लागते. महाड सोडून खाली कोकणात उतरल्यावर पट्टा बराच रिकामा होतो आणि हेच यंत्र शहाण्यासारखे वागू लागते. शिवाय एफएम प्रसारणात १५ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी जातच नाही, त्यामुळे झांज, घुंगरू, तंबोऱ्याचा वरचा झंकार थोडा बोथट होतो. दोन दिवसांच्या सहलीपुरते यंत्र ठीक आहे, पण दर महिन्याला गावी जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

स्टीरिओवर ३.५ मिलिमीटरचे ऑक्सचे, म्हणजे बाहेरचे यंत्र वायरने जोडण्याचे, छिद्र असेल तर निम्मे काम झाले. साध्या वायरने मिळणारा आवाज स्वच्छ असतो, जोडणीसाठी काही शिकावे लागत नाही, आणि मागे बसलेला भाचा आपला फोन लावू शकतो. मात्र फोन ऑक्सला जोडलेला असतानाच लायटरच्या सॉकेटवर चार्जिंगला लावला की स्पीकरमधून एक बारीक कुईं ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. हा गाडीच्या अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आवाज आहे. चार्जर आणि स्टीरिओ यांच्या अर्थिंगचे जे वेटोळे तयार होते, त्यातून तो गाण्यात शिरतो. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मध्ये जोडली किंवा फोन पॉवर बँकेवर चार्ज केला तर तो बंद होतो. मी स्वतः दोन वायरी आणि एक चार्जर बदलल्यावर मगच हे समजून घेतले. दुसरी गोष्ट, आता पुष्कळ फोनना हेडफोनचे छिद्रच नसते, म्हणून टाइप-सीपासून ३.५ मिलिमीटरचे कनेक्टर लागते. त्यातली काही कनेक्टरे केवळ वायर जोडतात आणि काहींमध्ये आवाज तयार करणारी चिप असते. पहिल्या प्रकारची कनेक्टरे अनेक फोनवर मुकी राहतात, म्हणून दुकानातच आपला फोन लावून पाहावा. फोनचा आवाज जवळपास पूर्ण आणि स्टीरिओचा बेताचा ठेवल्यास सुरसुर कमी होते.

पेन ड्राइव्ह हा प्रकार आता अनेकांना जुनाट वाटतो, पण घाटातल्या प्रवासासाठी त्याची बरोबरी करणारे दुसरे साधन मला सापडलेले नाही. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात रेंज गेली तरी त्याचे काही अडत नाही, फोन आला म्हणून गाणे तुटत नाही, फोनची बॅटरी खर्च होत नाही, आणि स्टिअरिंगवरच्या बटणाने पुढे-मागे जाता येते. ३२० केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट माहिती वापरणाऱ्या) एमपी३ ला मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा लागते, म्हणजे १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर शंभराहून अधिक तासांचे संगीत मावते आणि गोव्याला जाऊन येईपर्यंत एकही गाणे पुन्हा ऐकावे लागत नाही.

याची किंमत आधीच्या संध्याकाळी मोजावी लागते. जुने स्टीरिओ फक्त एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली पेन ड्राइव्ह वाचतात, एनटीएफएस किंवा एक्सएफएटी असेल तर ‘नो फाइल’ एवढे दाखवून थांबतात. एमपी३ जवळजवळ सर्वत्र चालते, एम४ए आणि फ्लॅक या प्रकारच्या फाइलींची मात्र खात्री धरता येत नाही. अनेक यंत्रे गाणी अक्षरांच्या क्रमाने न वाजवता ती ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे नावांपुढे ०१, ०२ असे आकडे घालून, एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करणे शहाणपणाचे ठरते. देवनागरीत लिहिलेली नावे अनेक स्टीरिओंच्या पडद्यावर चौकोन होऊन दिसतात, म्हणून मनाला पटत नसले तरी मी फाइलची नावे रोमन लिपीत ठेवतो. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी पेन ड्राइव्हवर टाकता येत नाहीत, कारण ती त्या ॲपलाच उघडता येतील अशा कुलूपबंद रूपात असतात. तेव्हा घरच्या सीडींवरून उतरवलेला किंवा विकत घेतलेला एमपी३ चा साठा असेल तरच हा पर्याय खरा. मैफलीचे ध्वनिमुद्रण तुकड्यांत विभागलेले असेल तर दोन तुकड्यांच्या मध्ये स्टीरिओ क्षणभर थांबतो, आणि तो क्षण नेमका आलाप समेकडे येताना पडला की गाडीतले रसिक हळहळतात. असे ध्वनिमुद्रण एकाच फाइलमध्ये जोडून घ्यावे.

ब्लूटूथबद्दल लोकांचा समज दोन टोकांचा आहे. काहींच्या मते त्याने आवाज बिघडतो, काहींना त्याच्याशिवाय दुसरे काही नको असते. ब्लूटूथ गाणे पाठवण्याआधी पुन्हा एकदा दाबून लहान करते हे खरे आहे. सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत ही मर्यादा साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत असते, आयफोन एएसी ही पद्धत वापरतो, आणि काही अँड्रॉइड फोन व स्टीरिओ यांच्यात एलडॅक पद्धतीने ९९० केबीपीएसपर्यंत जाता येते. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर हा फरक जाणवेल, पण खारेपाटणच्या वळणावर तो ओळखणारा कान मला अजून भेटायचा आहे. ब्लूटूथची खरी अडचण वेगळीच असते. गाडीत तीन फोन जोडलेले असले की सुरू केल्यावर स्टीरिओ कोणाचा फोन पकडेल ते सांगता येत नाही, आणि बऱ्याच गाड्या चालू असताना नवा फोन जोडूच देत नाहीत. शिवाय फोन ब्लूटूथला जोडलेला असूनही स्टीरिओ पेन ड्राइव्हवर असेल तर नकाशाची ‘डावीकडे वळा’ ही सूचना गाडीच्या स्पीकरवर येईलच असे नाही, ती फोनच्या बारीक स्पीकरवरून येते आणि ढोलकीच्या ठेक्यात हरवते. रस्ता अनोळखी असेल तर हा मुद्दा आवाजाच्या दर्जाहून कितीतरी मोठा आहे.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेल्या गाडीत नकाशा, फोन आणि गाणी एकाच पडद्यावर येतात आणि नकाशा बोलू लागला की गाणे आपोआप हळू होते, त्यामुळे अनोळखी रस्त्यासाठी मी हाच पर्याय वर ठेवीन. वायरने जोडले तर आवाज ब्लूटूथहून चांगला मिळतो आणि फोनही चार्ज होत राहतो. मात्र त्यासाठी डेटा वाहणारी केबल लागते, कारण हायवेवरच्या टपरीवर मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्या लावल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. बिनवायरी जोडणीत फोन नकाशा, वायफाय आणि गाणी एकदम सांभाळतो, त्यात मे महिन्यात तो डॅशबोर्डवर उन्हात ठेवला असेल तर तापून त्याचे चार्जिंग थांबते. गाणी ॲपवरूनच ऐकायची असतील तर ती आणि नकाशा, दोन्ही निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर उतरवून घ्यावीत. १६० केबीपीएसला तासाला फक्त ७२ एमबी लागत असल्यामुळे डेटाचा खर्च किरकोळ असतो, पण जिथे रेंजच नाही तिथे शिल्लक डेटा असून उपयोग होत नाही.

नाटकांची ध्वनिमुद्रणे, कथाकथन किंवा कीर्तन ऐकणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी. चहासाठी थांबून पुन्हा निघाल्यावर फोनवरचे ॲप सोडलेल्या वाक्यापासून सुरुवात करते, काही स्टीरिओ मात्र पेन ड्राइव्हवरची दीड तासाची फाइल पुन्हा नांदीपासून लावतात.

गाडीत नुसता रेडिओ असेल आणि ती अजून चार-पाच वर्षे ठेवायची असेल, तर ट्रान्समीटर, कनेक्टर, आयसोलेटर अशी एकेक वस्तू जमवत बसण्यापेक्षा स्टीरिओच बदलणे मला अधिक योग्य वाटते. डॅशबोर्डमधील खाचेची उंची मोजावी: साधारण ५० मिलिमीटर असेल तर सिंगल डिन, १०० असेल तर डबल डिन या मापाचा स्टीरिओ बसतो. यूएसबी, ऑक्स आणि ब्लूटूथ असलेला साधा सिंगल डिन पुरेसा होतो, पडद्याचा मोह असेल तरच डबल डिनकडे जावे. मेकॅनिकला आपल्या गाडीसाठी तयार मिळणारा कपलर (वायरी न कापता जोडणारा जोड) वापरायला सांगावे आणि कंपनीची मूळ वायरिंग कापू देऊ नये, विशेषतः वॉरंटी शिल्लक असताना. ज्यांच्या स्टीरिओला ऑक्स आहे पण ब्लूटूथ नाही, त्यांना ऑक्समध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घेऊन काम भागवता येते. तो ट्रान्समीटरसारखा आकड्यांच्या गर्दीत अडकत नाही.

माझ्या गाडीत सध्या पेन ड्राइव्ह कायम लावलेली असते आणि फोन ब्लूटूथला जोडलेला असतो. पनवेल सुटेपर्यंत मुलांच्या फोनवरची गाणी चालतात, माणगावच्या पुढे पेन ड्राइव्ह सुरू होते, आणि रात्री अनोळखी फाटा शोधायचा असेल तेव्हा पुन्हा फोन लावून नकाशाचा आवाज स्पीकरवर घेतो.